जीप, लँड रोव्हर आणि हिराजी

मेलेल्या माणसाची शेवटची इच्छा आपल्याकडे पवित्र मानतात. हिराजीची मी स्वतःच्या कानांनी ऐकली होती, त्यामुळे ती किती वेळ पवित्र राहिली हे मला नेमकं सांगता येतं: सकाळी सात ते पावणेनऊ.

सातला त्याच्या बायकोचा, यमुनावहिनींचा, फोन आला. "मास्तर, हे गेले... तुमी या. ती दोगं आधीच आल्यात." मी जुईनगरहून सारसोळ्याला पोचलो तर दारात अमेरिकन जीप आणि तिच्या नाकाला नाक लावून ब्रिटिश लँड रोव्हर. जीप पंढरीशेठची, लँड रोव्हर त्याच्या चुलतभावाची, मोरेश्वरशेठची. जमिनी गेल्या, बिल्डिंगी आल्या, आणि दोघांनी आपापल्या मोठेपणाला शोभेल अशी एकेक जुनी गाडी घेतली. त्या चालत्या ठेवल्या हिराजी मेकॅनिकने. तीस वर्षं, पाठ जमिनीला लावून. माझी स्कूटरही तोच बघायचा, दोस्ती त्यातूनच.

"खरं सांग, बरी कुठली?" हे दोघेही त्याला एकमेकांसमोर विचारत. हिराजी हात पुसत म्हणे, "शेठ, खाडीचा वारा हाय. जीपचं अंग गंजतं, ते समोर दिसतं. लँड रोव्हरचं अंग अ‍ॅल्युमिनियमचं, ते नाय गंजत. हिचा सांगाडा गंजतो, तो खाली झोपल्याशिवाय दिसत नाय. तुमी वरून पॉलिश मारा." दोघे हसत. बोलणं गाड्यांबद्दलच आहे असं त्यांना वाटे.

दिवाळीनंतर खोकला वाढला तेव्हा वहिनींच्या देखत तो मला म्हणाला, "मास्तर, मना गारीत नेऊ नका. जलम गारीखाली गेला. मानसांच्या खांद्यावर जाऊ द्या."

मी हे अंगणात सांगितलं. पंढरीशेठ म्हणाला, "लाजाळू मानूस तो. लाजून बोलला असंल."

"खांद्यावर कोन पन जातो," मोरेश्वरशेठ म्हणाला. "त्याला मान नको? माझी गाडी काढतो."

"तुझी का? माझी महायुद्ध जिंकून आलीय."

"माझी आफ्रिकेचं वाळवंट तुडवून आलीय."

"तुझी निलगिरीच्या चहामळ्यातनं आलीय, मीच होतो आनायला!"

आत प्रेत होतं. बाहेर, हिराजीने कुठल्या गाडीचा गिअरबॉक्स जास्त वेळा उतरवला, हा त्याच्या प्रेमाचा पुरावा म्हणून मांडला जात होता. वहिनी दारात आल्या. "चार मानसं द्या. बास." मी पुढे झालो, शेजारचे दोघे आले. चौथा मिळाला नाही; बाकीचे गाड्यांना हार बांधत होते.

पावणेनऊला तोडगा निघाला. अर्धा रस्ता जीप, अर्धा लँड रोव्हर. देवळापाशी त्याला एकीतून उतरवून दुसरीत चढवलं. दोन्हीकडे फोटो झाले. पाय मावेनात म्हणून मागचं दार उघडंच ठेवलं होतं. टाचांच्या भेगांत ऑइल तसंच होतं... वहिनींनी आंघोळ घालताना पुष्कळ घासलं होतं. मी त्या पायांमागून चालत होतो आणि मला रडू नाही, किळस येत होती. पहिली माझीच, चौथा माणूस ओढून न आणल्याबद्दल. पुढे शोकसभेत दोन्ही शेठ म्हणाले, त्याची इच्छा आम्ही पूर्ण केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दोघांच्या वाट्याला भरपूर आणि सारखा रस्ता यावा म्हणून अंत्ययात्रा जुईनगरला वळसा घालून नेली होती. पावणेदोन तास लागले. स्मशान हिराजीच्या घरापासून चालत चार मिनिटांवर आहे.