बंदरावरचा मोर्चा आणि हिची नऊवारी

ईमेलवरच्या बुवापाड्याच्या शेजारी मंडळींनो, पोचल्याचं कळवायला फार उशीर झाला, माफ करा. नॉर्वेत लेकीकडे आहोत. आज तिने आम्हा दोघांना किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या बोटीतून फिरवलं.

एका बंदरात बोट थोडा वेळ थांबली. धक्क्यावर झेंडे, घोषणा, माणसांची रीघ. माझा जन्म गेला कारखान्याच्या फाटकावर पहारा करण्यात. मोर्चा दिसला की फाटक लावायचं, एवढंच मला ठाऊक. हिला म्हटलं, "उतरू नकोस, दगडफेक होईल."

"अहो, दगडफेक करणारे बँड घेऊन येतात का? पोरं आइसक्रीम खातायत," म्हणत ही लेकीबरोबर उतरलीसुद्धा.

बोटीचा भोंगा वाजला तरी हिचा पत्ता नाही. मी कठड्याला टेकून गर्दीत हिची नऊवारी शोधत राहिलो.

शेवटी आली, हातात कागदी झेंडा नाचवत. आज त्यांचा राष्ट्रीय सण होता. इथे जिल्ह्याजिल्ह्याचा पोशाख वेगळा असतो म्हणे. हिची नऊवारी बघून एका आजीने लेकीला विचारलं, हा कुठल्या जिल्ह्याचा?

"मग तुम्ही काय सांगितलंत?" मी दोघींना विचारलं.

"ठाणे जिल्हा, अंबरनाथ," ही म्हणाली.

पुढच्या बंदरात मी हिच्या आधी उतरलो.

आमच्या दाराचं कुलूप कुणी ओढून पाहिलं का? लवकर कळवा, जीव तिकडेच लागलाय.