मोटार उडाली

इसमाचे नाव: मल्हारी म्हाळू टेंगले. पूर्वीचा व्यवसाय मेंढपाळ, सांप्रत मोटार वाइंडिंग. दुकान दौंड, स्टेशनामागची गल्ली. ओळखीची खूण: बोटांवर वॉर्निशचे कायमचे डाग. दिलेल्या वेळेत काम पूर्ण करणारा जबाबदार कारागीर म्हणून तालुक्यात परिचित. हवाई वाहतुकीशी संबंध: निरंक.

यातलं निरंक तितकंसं खरं नव्हतं. लहानपणी वडिलांच्या मेंढरांमागे हिंडताना तो माळावर उताणा पडायचा. पंख न हलवता घिरट्या घालणारी घार तो बघत राही, तोवर मेंढरं कुणाच्या तरी हरभऱ्यात शिरलेली असत. त्यासाठी आबांनी त्याला पुष्कळदा झोडपलं. पुढं कळप विकून आबांनी शिरूरकडच्या गावी विहीर खणली, मल्हारी दौंडला आला. घार मात्र डोक्यातनं खाली उतरली नाही.

२००३च्या हिवाळ्यात एका मोडक्या मोबाइलातली थरथरणारी मोटार त्याच्या हाती लागली. भुईमुगाच्या दाण्याएवढी. टोकाचं वजन काढून त्यानं तिला बाटलीच्या प्लॅस्टिकचा पंखा बसवला, वहीच्या पानाचं विमान केलं आणि नाकावर मोटार चिकटवली. सेलचं वजन विमानाला झेपेना. मग सेल टेबलावर ठेवून केसासारखी वाइंडिंगची दुपदरी तार त्यानं छताच्या हुकावरून विमानापर्यंत नेली.

एका सकाळी विमान तारेला धरून गोल फिरू लागलं. उन्हाच्या पट्ट्यात शिरलं की पिवळं, बाहेर पडलं की करडं. मल्हारी खुर्चीत मान टाकून बघत राहिला. मध्येच एखादं गिऱ्हाईक येऊन गेलं असावं.

हे आबांनी बघावं, एवढंच त्याला वाटत होतं. त्यानं गावातल्या दुकानदाराला फोन लावला.

"ज्योतिबा, आबास्नी सांग, मोटार उडाली!"

आता आपल्याकडे मोटार उडाली म्हणजे जळाली. आबांच्या विहिरीवरची मोटार आठवडाभर मल्हारीकडेच दुरुस्तीला पडली होती आणि तिकडे कांदा माना टाकत होता. आबा मिळेल त्या एसटीनं दौंडला आले.

"मल्ह्या, पुन्यांदा जाळलीस व्हय रं?" दारातूनच.

"ती न्हाई, आबा. ही. वर बघा."

"आजून वरच बघतूस का?" म्हणत आबांनी वर बघितलं. पटका मागं सरकला, तो हातानं धरला. विमान डोक्यावरून गेलं, वळून परत आलं. आबांची नजर तारेवरून छताच्या हुकापर्यंत गेली.

"बांधून का घातलंय?"

"तारंतनं करंट जातोय. तुटली तर पडंल."

"बांधल्यालं जित्राब चरतंय व्हय? सोड."

मल्हारीनं जीव मुठीत धरून कात्री लावली. पंखा थांबला. विमान मात्र फिरण्याच्या वेगानं दारातून बाहेर पडलं, रस्त्यावरच्या उबेनं जरा वर उचललं गेलं आणि कुणाचीच घाई नसल्यासारखं भाजीच्या हातगाड्यांवरून तरंगत निघालं. आबा काठी घेऊन त्याच्यामागे चालू लागले, चुकार कोकरामागे जावं तसे, न पळता. "हुर्र... हुर्र..." आबा हाकत होते. मागून मल्हारी. गल्ली तेवढ्यापुरती माळासारखी रिकामी आणि लांबलचक वाटली.

विमान पानटपरीच्या छपरावर टेकलं. आबांनी ते काठीनं अलगद खाली घेतलं, वाकलेली चोच सरळ केली आणि बंडीत ठेवलं.

"हे मी नेतो. सोजरला दावतो."

"आईला?"

"म्हंजी काय, तुलाच बघायचं हाय व्हय?"

संध्याकाळच्या एसटीनं आबा विमान घेऊन गावी गेले. विहिरीवरची मोटार मल्हारीनं अजून उघडलेलीही नव्हती.