बैलाच्या कष्टाचं

ऋषीपंचमीला आम्ही बैलाच्या कष्टाचं खात नाही. नांगर न लागलेल्या जागेत आपोआप उगवलं असेल तेवढंच. १९९४ पासून ती भाजी मला तानाबाई आणून द्यायची. कागलकडच्या खेड्यातून वडापच्या जीपनं यायची, पाटीत पाथरी, कुर्डू, चिघळ.

तशी ती दर मंगळवारी दारावर यायची, पण मी वर्षातून एकदाच घ्यायचे. एरवी मंडईतला पालक. रुंद पानांचा, लगेच निवडून होणारा. रानचा पाला निवडत कोण बसणार?

माझ्या निशाचं रक्त नऊवर आलं, तेव्हा तानाबाई उंबऱ्याशी टेकली होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, रोज पालकही देते, असं मी तिला सांगितलं.

"गोळ्या सोडू नगा," ती म्हणाली. "पर त्यो पालक युरियावर फुगलाय, नुसतं पाणी. ह्यो पाला माळावर जीव धरून उगवतोय, त्यात कायतरी असतंय की. देवाला रानातलं आन् लेकीला खताचं, वैनी?"

मी हसून विषय टाळला.

२००२ च्या पंचमीला तिची चिघळ बघितली. एरवी पानं नखाएवढी, ही अंगठ्याएवढी. शेजारच्या दोघी उभ्या होत्या, त्यांच्यादेखत मी म्हटलं, "ही वाफ्यात लावलेली आहे. माझं व्रत मोडायला निघालीस का?"

ती भांडली असती तर बरं झालं असतं. पाटीवर फडकं टाकत म्हणाली, "वाफ्याला आता तणनाशक मारत्यात, वैनी. तितं चिघळ उगवत न्हाय."

ती गेली, पुन्हा आली नाही. मी मंडईतून माठ आणून व्रत पुरं केलं. तो कुठल्या रानातला, हे विचारलंसुद्धा नाही.

दोन वर्षांनी एका बारशाला तिच्या गावी गेले, तेव्हा विचारत विचारत तिच्या घरी पोचले. परड्यात आड होता. त्याच्या काठाला, सांडलेल्या पाण्यावर, दगडांच्या फटीफटीतून चिघळ पसरली होती. पानं अंगठ्याएवढी. नांगर काय, तिथं खुरपं शिरलं नसतं.

"बांधावरचं औषधानं जळालं," तानाबाई म्हणाली. "म्हणून एवढी राखलीती, तुमच्या पंचमीला."

आता ती पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या कॅन्टीनला जाते. पालक चिरायला, असं सांगताना तिलाच हसू आलं. मी म्हटलं, चुकलं माझं, मंगळवारी येत जा.

"मंगळवारची सुट्टी नसती, वैनी," ती म्हणाली आणि मूठभर चिघळ खुडून माझ्या ओटीत घातली.

त्या संध्याकाळी लसूण घालून परतली. निशानं भाकरीबरोबर सगळी खाल्ली. गोळ्या तिच्या अजून चालूच होत्या. म्हणाली, "आंबूस छान लागते, आई. पंचमी सोडून कधी का नाही केलीस?"

मी म्हटलं, आणून देणारं कुणी नव्हतं.

त्या दिवशी रोजनिशीच्या वहीत एवढंच लिहिलं होतं, 'चिघळ केली.' निशाला काय सांगितलं ते आज लिहिते आहे.