सत्तावन सालचे विजेते

एझेलमामाच्या हातच्या, धुरावर भाजलेल्या डुकराच्या बरगड्या, म्हणजे रिब्ज, अख्ख्या अलाबामात कुठे मिळणार नाहीत, आणि त्याच्याइतका हट्टी माणूसही. दुकानाच्या पाटीवर त्याने स्वतःच रंगवलंय: 'राष्ट्रीय विजेते, १९५७'. त्यावर कोणी हसलं, तर त्याला रिब्जच्या आधी भाषण मिळतं.

त्या साली आमच्या टॅलो बेंड कॉलेजचा फुटबॉल संघ एकही सामना हरला नाही. मामा त्या संघात होता. तेव्हा अंतिम सामना नसायचाच. पत्रकारांचे गट आपापली मतं द्यायचे आणि ज्याला जो कौल सोयीचा, तो धरून कॉलेजं भिंतीवर विजेतेपदाचं साल रंगवायची. आपला तो बाब्या! गोरी कॉलेजं आम्हा काळ्यांशी खेळायलाच उतरत नसत. मतं देणाऱ्यांनी तर आमची पोरं पाहिलीसुद्धा नव्हती.

यंदा मैदानावर फलक लावायचं ठरलं. कॉलेजच्या कार्यालयातली रेनिटा मजकूर दाखवायला दुकानात आली: 'कृष्णवर्णीय कॉलेजांचे राष्ट्रीय विजेते'.

"पहिले दोन शब्द खोड," मामा म्हणाला.

"का हो मिस्टर एझेल? लाज वाटते त्यांची?"

"लाज? पोरी, या कातडीत मी नव्वदीला टेकलोय! आधी त्यांच्या भिंतीवर 'गोऱ्या कॉलेजांचे' लिहून ये. मग माझ्या फलकावर काय ते लिही."

रेनिटाने मजकुराचा कागद घडी करून ठेवला. पण धातूचा फलक आधीच ओतून झाला होता.

आमच्याकडे पडदा उघडायचा मान हयात खेळाडूंचा. उरले होते दोघेच, मामा आणि चाकांच्या खुर्चीतला क्लिओथा मॅब्री. मामा दोरीला हात लावायला तयार नव्हता. "ओढून टाक की रे बाबा," क्लिओथा खोकत म्हणाला. "मेल्यावर काय चाटायचाय तो फलक? मला माझं नाव बघू दे." दोस्ताला मामा नाही म्हणू शकला नाही. मला त्या फलकाचा मनस्वी राग आला.

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याच्या शनिवारी दोघांनी मिळून दोरी ओढली. पडदा खालून वर सरकू लागला. आधी खेळाडूंची नावं दिसली, मग १९५७, मग 'राष्ट्रीय विजेते'. क्लिओथाने स्वतःचं नाव मोठ्याने वाचलं आणि मामाचं मनगट धरलं.

"बस. इथेच थांब."

"अहो, वर अजून एक ओळ आहे!" रेनिटा धावत आली.

"आम्ही जिंकलो तेवढं दिसलं," क्लिओथा म्हणाला. "वरचं तुम्ही लिहिलंत, तुम्हीच सांभाळा."

मामाने दोरी खांबाला गुंडाळली आणि करकचून गाठ मारली. सोडायला कोणी पुढे आलं नाही. रेनिटाही नाही.