मास्तरांचं डोकं आणि दहावं

समस्त टक्कलधारी बंधूंना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, नव्वदच्या दशकात पिंपळनेरच्या नदीकाठी एका डोक्याची जाहीर तपासणी झाली. डोकं हिरामण मास्तरांचं होतं. पुढचे केस मी लावलेले होते.

मी धुळ्यात प्लास्टिक सर्जन. एरवी भाजलेले हात, फाटलेले ओठ. हेअर ट्रान्सप्लांटची ही पहिलीच केस. काम सोपं करून सांगतो. डोक्याच्या मागचे केस सहसा जात नाहीत. तिथली कातडीची पट्टी केसांसकट काढायची, बारीक तुकडे करायचे, पुढे टकलावर लावायचे. लावलेले केस आधी गळतात आणि पेशंट रडकुंडीला येतो. मुळं मात्र आत जिवंत असतात. काही महिन्यांनी तीच फुटतात. वर्षभरात मास्तर ऐटीत भांग पाडू लागले.

मग साक्रीच्या राजधर नानांच्या मुलीशी सोयरीक निघाली. मुलीला मास्तर पसंत. पण कुणीतरी नानांचे कान भरले की केस खोटे आहेत, "तो टोप शे." नाना अडून बसले. त्यातच मास्तरांचे चुलते वारले.

मास्तर धापा टाकत ओपीडीत आले. "डॉक्टर, दहाव्याला भाऊकीला डोकं भादरावं लागतं. हे परत येतील ना?"

"दाढी परत येते ना? तसंच."

"नक्की?"

"नक्की." पुस्तकात तसंच होतं. पण माझ्या केसवर वस्तरा फिरलेला मी तरी कुठे पाहिला होता?

"मग तुम्ही बी या."

गेलो. भाऊकी ओळीने बसलेली. नाना दुखवट्याला आले होते, पण जागा धरली होती थेट मास्तरांच्या समोर. न्हाव्याने पाणी लावून डोकं खसाखसा चोळलं. काही सरकलं नाही. वस्तरा फिरला, मागचा व्रण उघडा पडला आणि कुजबुज वाढली.

ते केस पुढे झकास आले, लग्नात मुंडावळ्यांखाली भांग होता, हे आत्ताच सांगून टाकतो. धडाही घ्या: सर्जनने कितीही समजावलं तरी माणूस स्वतः ओढून पाहिल्याशिवाय मानत नाही.

कारण नाना उठले. पुढची एक बट अजून शाबूत होती. ती त्यांनी मुठीत धरून हिसडली.

"आई गं!" मास्तर कळवळले.

आणि नाना भर दहाव्यात ओरडले, "जवाईबापू, बठ्ठा केस खराच शेतस!"