काकूंचं पात्र काढून टाका

मला सिनेमा नुसता बघता येत नाही.

हा आजार मला दादरच्या एका रसिक मंडळात लागला. तिथे महिन्यातून एका रविवारी आम्ही जमतो, एखादा सिनेमा बघतो आणि मग त्याची अशी चिरफाड करतो, की बनवणाऱ्यानं ऐकली तर तो बिचारा कॅमेरा विकून टाकील. साधं बोललं की तिथे लोक बिस्किटं खायला लागतात. म्हणून 'बाई रडते' असं म्हणायचं नाही, 'पात्राचा अंतर्विरोध उघड होतो' असं म्हणायचं. (माझी बायको विद्या म्हणते, मी बिस्किटांसाठीच तिथे जातो. हे अर्धसत्य आहे. चहाही चांगला असतो.)

तर या मंडळानं गेल्या वर्षी, गणपतीच्या जरा आधी, मला पहिल्यांदाच भाषण करायला सांगितलं. सिनेमा चाळीतल्या एका कुटुंबाचा होता आणि माझा विषय होता 'दुय्यम पात्रं'. मी इतका हरखलो की दोन्ही वेळेला जेवताना हातवारे करायला लागलो. शेवटी विद्यानं मला आमटीसकट बाहेर जायला सांगितलं. मी आमटी ठेवून बाहेर गेलो.

बाहेर म्हणजे आमच्या नायगावच्या चाळीचा मधला पॅसेज. दोन्ही बाजूंना खोल्या, त्यामुळे आवाज छान घुमतो. आता एक गोष्ट सांगायला हवी. पुनर्विकासाचं वारं सुरू झाल्यापासून आमच्या चाळीत 'पात्र' या शब्दाला एकच अर्थ उरला आहे. ज्याची कागदपत्रं मान्य झाली तो पात्र, त्याला टॉवरमध्ये घर. ज्याची अडकली तो अपात्र. माणसं भेटल्यावर 'जेवलात का' विचारत नाहीत, 'पात्र झालात का' विचारतात. हे सगळं मला माहीत होतं. पण त्या संध्याकाळी मी कलेच्या प्रांतात होतो.

आणखी एक. मी एका सरकारी कचेरीत टपाल बघतो. म्हणजे पाकिटं येतात, त्यांवर शिक्का मारतो आणि पुढे ढकलतो. पण आमच्या मजल्याची अशी ठाम समजूत आहे, की राज्यातली कुठलीही गोष्ट मला आधी कळते आणि मग मंत्र्यांना.

आमच्या समोरच्या खोलीत काकू राहतात. आडनाव आहे, पण ते कुणी वापरत नाही. सगळ्या मजल्याच्या त्या काकू. मूलबाळ नाही, काका जाऊनही बरीच वर्षं झाली. खोली अजून काकांच्याच नावावर, त्यामुळे काकूंचा निर्णय तेवढा लटकलेला होता. आणि माझ्या सिनेमातही एक शेजारची काकू होती.

मी घसा खाकरला आणि सुरुवात केली.

"काकूंचं पात्र काढून टाकलं पाहिजे! ही बाई कुठून आली, या खोलीत कधीपासून राहते, याचा एकही पुरावा आपल्याला मिळत नाही. दाराशी येते, दोन वाक्यं बोलते आणि जाते. अशा पात्रांना जागा देणं म्हणजे जागेचा निव्वळ अपव्यय आहे."

समोरचं दार किंचित उघडलं. श्रोते मिळाले या आनंदात माझा आवाज आणखी चढला. दार हळूच मिटलं, तेव्हा मला वाटलं, काकू विचारात पडल्या.

जेवणं झाल्यावर तिसऱ्या खोलीतले पेडणेकर आले. एरवी ते पॅसेजच्या त्या टोकावरून हाक मारतात. आज कानाशी येऊन त्यांनी विचारलं, हे काकूंचं कधी ठरलं? मी म्हटलं, आजच मांडलं, पण मनात बरेच दिवस होतं. वरून दबाव होता का? छे, पूर्णपणे माझं स्वतःचं मत. मग पेडणेकरांनी चाचरत विचारलं, की आमच्याबद्दल तुमचं काय मत आहे? मी मोकळेपणानं हसून सांगितलं, "तुमचा यात काही संबंधच येत नाही." पेडणेकरांनी भिंत धरली.

सकाळी दार उघडलं तर पॅसेजमध्ये मजला जमलेला. कुणाच्या हातात रेशनकार्ड, कुणाच्या हातात विजेचं जुनं बिल. माझ्या डोक्यात आता कुठे लख्ख प्रकाश पडला. मी दोन्ही हात वर करून म्हटलं, अहो, ते पात्र वेगळं, हे पात्र वेगळं. त्यावर मागून कुणीतरी म्हणालं, "बघा, मी सांगत नव्हतो? याद्या दोन आहेत."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण भाषण करायची हौस वाईट. मी ओरडलो, "अहो, ऐका तर! तुम्ही पात्र नाहीच आहात. तुम्ही माणसं आहात!"

एकदम शांतता पसरली. त्या शांततेत आमच्या अख्ख्या मजल्याचं टॉवरमधलं घर गेलं. पेडणेकरांच्या मिसेस खाली बसल्या. विद्यानं मला कॉलर धरून आत ओढलं, आणि बाहेर जाऊन एका वाक्यात सांगितलं, की हा सिनेमाबद्दल बोलत होता, याला कचेरीत कुणी विचारत नाही. आश्चर्य म्हणजे या खुलाशावर सगळ्यांचा चटकन विश्वास बसला.

सगळ्यांचा, पण काकूंचा नाही. त्या गर्दीत आल्याच नव्हत्या. दुपारी त्या आमच्याकडे आल्या तेव्हा हातात त्यांचं तांब्याचं मोदकपात्र होतं, चिंचेनं लख्ख घासलेलं. ते त्यांनी विद्याच्या पुढ्यात ठेवलं आणि सांगितलं, की गावी पुतण्याला फोन केलाय, तो न्यायला येतोय. गावात हे ठेवायला जागा नाही, तेव्हा तूच वापर. मग माझ्याकडे वळल्या.

"झिला, माका राग नाय इलो. फक्त खरा सांग. मी पात्र आसंय की नाय?"

त्यांचा निर्णय खरोखरच अजून आला नव्हता. मला लाज वाटली. मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि मोबाइलवर तो सिनेमा लावून दिला. काकूंनी पदरानं चष्मा पुसला आणि अखेरपर्यंत बघितला. सिनेमातली काकू पहिल्यांदा दाराशी आली, तेव्हा मी हळूच म्हटलं, हीच ती. काकूंनी मला हातानं गप्प केलं. सिनेमा संपल्यावर त्या बराच वेळ हसत होत्या, डोळ्यांना पदर लावून. हसणं होतं की दुसरं काही, याचं विश्लेषण मी केलं नाही.

"तिका काढू नको हां," उठताना त्या म्हणाल्या. "ती बिचारी जायत खंय?"

रविवारी दादरला मी उभा राहिलो आणि सांगितलं, की या सिनेमातली काकू राहिलीच पाहिजे. का, असं अध्यक्षांनी विचारलं. मी म्हटलं, नाहीतर ती जाईल कुठे? सगळ्यांनी बिस्किटं खायला घेतली.

पुतण्याला काकूंनी गणपतीपर्यंत थांबवून ठेवलं, आणि चतुर्थीच्या आधीच निर्णय आला. काकू पात्र! बातमी पेडणेकरांनी आणली, कारण माझ्याकडून काहीही ऐकायचं नाही असं मजल्यानं ठरवलं होतं. पुतण्या आला तो मोदक खायलाच आला.

मोदकपात्र आमच्या शेगडीवर चढलं होतं. काकू कळ्या पाडत होत्या, मी नारळ खवत होतो. विद्या सारण ढवळता ढवळता म्हणाली, "काकू, आमच्या घरातपण एक दुय्यम पात्र आहे. दाराशी येतं, चहा मागतं, दोन वाक्यं बोलतं आणि दादरला जातं. काढून टाकावं म्हणते."

मी आशेनं काकूंकडे बघितलं. त्यांनी माझ्यापुढची परात निरखली.

"ऱ्हवांदे गो," त्या म्हणाल्या. "नारळ बरो खवता."

टॉवरमधल्या घरात माझी जागा सध्या तेवढ्या एका पुराव्यावर टिकून आहे.