चार स्टँडचा मांडव

“आजी, आता डोळे उघडे ठेवा हां,” मी म्हणाले आणि बटण दाबलं. धप्प आवाज झाला, पांढराफेक उजेड पडला आणि मागोमाग लाईटमधून ‘टीं’ वाजलं. मी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर पाहिलं. धुरपदाआजींचे डोळे पुन्हा घट्ट मिटलेले होते.

“परत मिटलं काय गो?” आजींनी विचारलं.

“थोडेसे,” मी म्हणाले. थोडेसे मिटलेले डोळे म्हणजे काय, हे मला अजूनही माहीत नाही.

मुरबाडच्या बाजारपेठेत माझा छोटा स्टुडिओ आहे. तोवर मी पासपोर्ट फोटो काढायचे आणि सीझनला लग्नं करायचे. स्टुडिओ लाईट नुकतेच आणले होते, तेही सेकंडहँड. दोन फ्लॅश, दोन उंच स्टँड आणि दोन सॉफ्टबॉक्स. सॉफ्टबॉक्स म्हणजे लाईटच्या तोंडाला लावायची काळी पेटी. तिच्या पुढच्या पांढऱ्या कापडातून उजेड गाळून येतो आणि चेहऱ्यावर मऊ पडतो. निदान मी शिकायला पाहिलेल्या व्हिडिओत तरी तसा पडत होता. मी दोन्ही बाजूंनी सारखेच लाईट मारले, तर आजींचा चेहरा भाकरीसारखा सपाट दिसायला लागला. नाक कुठे गेलं ते शोधावं लागत होतं, आणि मागच्या पडद्यावर मात्र सावल्या दोन.

त्यात तो ‘टीं’. फ्लॅश एकदा उडाला की पुन्हा भरायला त्याला क्षणभर लागतो. भरला की तो तसं वाजून सांगतो. दर वेळी आजी दचकून त्याच्याकडे बघायच्या, मी त्यांची मान सरळ करायचे आणि पुन्हा तेच.

धुरपदाआजी धसईकडच्या. त्या धवलारीण. आमच्याकडे शेतकरी घरांतल्या लग्नात हळदीपासून गाणी म्हणून विधी लावते ती धवलारीण, आणि ती म्हणते ते धवले. आधी ती देवांना मांडवात बोलावते, मग नवरा-नवरीची नावं घेऊन गाते. धुरपदाआजी बसल्याशिवाय हळद लागत नाही अशी कितीतरी घरं होती. पण त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. पुढच्या आठवड्यात ठाण्याला ऑपरेशन होतं, आणि आवाज राहील याची खात्री डॉक्टर देत नव्हते.

“आईंचा गातानाचा एक फोटो पायजे,” त्यांना घेऊन आलेली सून सुनंदा आल्या आल्याच मला म्हणाली होती. “सगल्या तालुक्याच्या अल्बमात आई हायत, पन निस्त्या कोपरापुरत्या. कॅमेरा सगला नवरीवर. आता नाय काडला तर मंग कवा काडनार?”

मला ते अगदी पटलं होतं. म्हणून तर घाम फुटला होता. पासपोर्ट फोटो बिघडला की पुन्हा काढता येतो. हा फोटो पुढच्या आठवड्यानंतर काढायला काही शिल्लक राहणार की नाही, तेच कुणाला माहीत नव्हतं.

डोळ्यांचं जमेना म्हणून मी तोंडाकडे वळले. “आजी, गाताना करता तसं तोंड करा.”

आजींनी आ केला. मी फोटो काढला. दाढ दाखवायला आल्यासारखा आला.

“आजी, खरंच गा ना थोडं. दोनच ओळी.”

आजी माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी त्यांना देव्हारा भाड्याने मागितला होता. “लगीन नाय, मांडव नाय, नवरा-नवरी नाय. रिकामा धवला गायाचा नसतो, पोरी. देव बोलवायचं आनि दाखवायचं काय त्यांना? तुजा पडदा?”

“आई, फोटोपुरतं,” सुनंदा म्हणाली.

“देवाला फोटोपुरतं कलतंय व्हय?”

मी उगाच लाईट वर केला, खाली केला. नवशिक्या माणसाला काही सुचेना झालं की तो स्टँडचे स्क्रू फिरवतो.

तेवढ्यात बाहेरच्या बाकड्यावरची मुलगी दारात आली. ती आणि तिच्यासोबतचा मुलगा बऱ्याच वेळापासून थांबले होते. मुलगी वैशाली, उंबरमाळीकडची. मुलगा किरण, इथल्याच एका कंपनीत कामाला. दोघांना जोडीचा फोटो हवा होता.

“ताई, अजून किती टाइम?” वैशालीने विचारलं. “उद्या सकालीच लागनार हायत फोटो.”

“ही कोन?” आजींनी विचारलं.

“लग्नाच्या फोटोला आल्यात, आजी. उद्या रजिस्टर लग्न आहे.”

“मंग हलद कवा लागली?”

वैशाली खाली बघायला लागली. किरण म्हणाला, “हलद नाय आजी. आमच्या जाती येगल्या. घरचं कोनी येनार नाय. सही करायची आनि झालं.”

आजींनी वैशालीला जवळ बोलावून तिचा हात हातात घेतला आणि तो उलटासुलटा करून बघितला. त्या कोऱ्या हाताकडे बघून त्यांचा चेहरा जो काही झाला, तो मला टिपता आला नाही, कारण मी तेव्हाही स्क्रूच फिरवत होते.

मग आजींनी मान वर करून खोलीभर नजर फिरवली. “ह्यो एक, ह्यो दोन,” त्या पडद्याच्या दोन उभ्या दांड्यांकडे बोट करत म्हणाल्या. मग लाईटच्या स्टँडकडे वळल्या. “ह्यो तीन, ह्यो चार. चार मेढी हायत की! हुबी करा नीट.”

मेढी म्हणजे मांडवाचे खांब. माझ्या लाईटच्या स्टँडना कुणी एवढा मान दिला नव्हता.

पुढची काही मिनिटं मी फोटोग्राफर नव्हते, मांडववाली होते. किरणने आणि मी वायरी सांभाळत स्टँड ओढले. पडद्याचे दोन मागे, लाईटचे दोन पुढे, असा चौक झाला. एक लाईट दोघांच्या डोळ्यांवर यायला लागला म्हणून त्याचं तोंड भिंतीकडे केलं. दुसरा आजींच्या डाव्या हाताला आला, जवळच. सुनंदा शेजारच्या किराणा दुकानातून कागदाच्या पुडीत हळद घेऊन आली. चौकात दोघांना बसवलं, आणि आजींनी सुरुवात केली.

आवाज फाटलेला होता. पहिल्या ओळीला तर नुसती हवाच आली. मग तो हळूहळू लागला. आजूबाजूच्या गावांचे देव एकेक करून माझ्या दहा बाय बाराच्या खोलीत यायला लागले. मी कॅमेरा उचलला आणि थांबले. फ्लॅश उडाला की ‘टीं’ वाजणार, आणि आजी दचकून थांबणार. आवाज बंद करायचं बटण मी शोधलं. सापडलं नाही. शेवटी कॅमेऱ्यावरचा ट्रिगर, म्हणजे फ्लॅशला इशारा देणारी डबी, काढून खिशात टाकली.

आता उरला फक्त मॉडेलिंग बल्ब. फ्लॅशच्या आत एक साधा पिवळा बल्ब सतत चालू असतो, उजेड कुठे पडणार ते आधी दिसावं म्हणून. फोटो काढायला तो पुरत नाही. मी कॅमेऱ्याचा आयएसओ चढवत नेला. त्याने कमी उजेडातही फोटो निघतो, पण त्यावर रव्यासारखे दाणे येतात. येऊ देत म्हटलं.

तो बल्ब आजींच्या एकाच बाजूला होता. म्हणून गालाची सुरकुती न् सुरकुती दिसायला लागली, गळ्याची ताठ शीर दिसायला लागली, हरवलेलं नाकही परत आलं. आजींनी “वैशाली” हे नाव धवल्यात घातलं आणि वैशाली हुंदके देऊन रडायला लागली. आजी तिच्याकडे टक्क बघत गात राहिल्या. डोळे पूर्ण उघडे होते. मलाही रडू आलं. पण कॅमेऱ्याला डोळा लावून रडता येत नाही, काचेवर वाफ धरते. मी बाहीने काच पुसली आणि काढत राहिले.

फोटोत सगळ्या चुका आहेत. दाणे आलेत, हळद लावणारा आजींचा हात हललाय, रंग पिवळा आलाय आणि पाठीमागे स्टँडचा दांडा सरळ दिसतोय. पिवळा मी तसाच ठेवला. दांडा मात्र कॉम्प्युटरवर पुसणार होते. ऑपरेशनच्या आधी आजी फोटो बघायला आल्या, तेव्हा तसं सांगितलं.

“मेढ काडतेस?” त्या म्हणाल्या. “असं करू नाय.” मग त्यांनी फोटोतल्या स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं.

ऑपरेशन नीट झालं. आजी बऱ्या आहेत, पण आवाज कुजबुजण्याइतकाच राहिलाय. लग्नांना त्यांना अजून बोलावतात. दुसरी बाई गाते, आजी तिच्याजवळ बसतात आणि ती चुकली की तिच्या मांडीला चिमटा काढतात.

वैशाली मध्यंतरी एक कॉपी न्यायला आली होती. फोटो बघून म्हणाली, “ताई, माजी हलद, आनि ह्यात माजा निस्ता कोपर आलाय.”

“तुझा वेगळा देऊ का? काढलेत मी.”

“नाय,” ती म्हणाली, “ह्योच लावायचा हाय घरात.”

पोर्ट्रेट शिकायला माझ्याकडे आता काहीजण येतात. त्यांना मी दोनच गोष्टी सांगते. सुरुवातीला एकच लाईट लावा. आणि ‘टीं’ बंद करायचं बटण गिऱ्हाईक यायच्या आधी शोधून ठेवा. माझ्या फ्लॅशवर ते मागच्या बाजूला होतं, वायरीच्या अगदी वर.